खाली की वर?

उर्वशीच्या नजरेतून काही म्हणजे काहीच सुटत नाही! अख्ख्या बोरी अरबला हे ठाऊक. लेकरू शिंकलं की ही आधी वाऱ्याची दिशा बघणार! पोराच्या लसी, वजनं, दात, सगळं पाढ्यांसारखं पाठ. बी.एस्सी. झालेली बाई, उगाच नाही! फक्त पोराचं तेलपाणी तेवढं सासूकडे. नातवाला न्हाऊ घालणं हा रुपीबाईचा हक्क; त्या मोरीत बी.एस्सी.ला प्रवेश नाही.

आणि अशा बाईच्या नवऱ्यानं कित्येक महिने गाठ लपवली! तीही अशा जागी, की डॉक्टरलासुद्धा दाखवायची लाज.

"दुखतच नव्हती, तं कायले दाखवू?" हे अमरचं शास्त्र.

न दुखणारी गाठच वाईट, हे यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. अंडकोषाचा कॅन्सर! वेळेत काढला तर बहुतेक जण ठणठणीत होतात, हेही सांगितलं. उद्या ऑपरेशन. त्यासाठी आज संध्याकाळच्या आत सरकारी योजनेची मंजुरी हवी.

दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीत धर्मपाल होता. पोरगा गोड बोलणारा, पण त्याचा कॉम्प्युटर सोयऱ्यांसारखा. काहीही द्या, नाक मुरडून परत!

"फाईल वापस आली, मॅडम. रोगाचा नंबर नुसता सी बासष्ट चालत नाही. अंडकोष वरच राहिला असन तं पॉइंट शून्य, खाली उतरला असन तं पॉइंट एक. बोला, खाली का वर?"

मागच्या रांगेतल्या गप्पा बंद झाल्या.

"डॉक्टरांना विचारा ना!"

"ते ऑपरेशनमंधी हायत. अन् पोर्टल बंद व्हाले आलं."

"अहो, सांगा ना!" कडेवरचं लेकरू सावरत उर्वशीनं नवऱ्याला कोपर मारलं.

"आता तं दोन्ही खालीच हायत," अमर भिंतीला सांगावं तसं बोलला. "पण लहानपणी याडी मले त्याच्यासाठीच वैदूकडं नेत होती. याडीलेच विचार."

याडी म्हणजे आई, म्हणजे रुपीबाई. ती नेमकी बाजारात! उर्वशीनं फोन लावला.

"स्पीकर लावा," धर्मपाल म्हणाला. "मले नोंद करा लागते."

"आई, यांच्या लहानपणी... दोन्ही खाली होत्या का?"

"कोनत्या? म्हशी?"

"नाही हो, त्या... तेच ते!"

"कोनतं तेच ते?"

"तुमच्या लेकाच्या गोट्या!" उर्वशी किंचाळली.

दवाखाना चिडीचूप. फोनमधून भेंडीचा भाव ऐकू येत होता, तोही थांबला.

"अवं, तं असं बोल ना!" रुपीबाई मोकळ्या गळ्यानं म्हणाली. "एक होती, एक वर दडली होती. शाळेत जाऊ लागला, मंग उतरली. सोयरिकीच्या वक्ती सांगतलं असतं, तं तुह्या बापानं पोरगी देली असती काय?"

उर्वशीच्या वडिलांनी सोयरिकीत शेत पाहिलं होतं, विहिरीचं पाणी चाखलं होतं, बैलांचे दातसुद्धा मोजले होते. बिचाऱ्यांनी भलत्याच प्राण्याची तपासणी केली!

तेवढ्यात मास्क ओढत डॉक्टर आले. "आत्ता खाली आहे ना? मग पॉइंट एक टाका. पण लहानपणचं मला कोणी सांगितलं का नाही? अशांना या कॅन्सरचा धोका जास्त असतो. मूल वर्षाचं होईस्तोवर दाखवायचं असतं!"

"कायले भेव दाखवता, डाक्टर?" फोन खणखणला. "नातवाचं बी तसंच हाय! बापावरच गेला थो. उतरते आपोआप!"

उर्वशीच्या कडेवर तोच नातू बिस्कीट चोखत होता. दीड वर्षाचा.

"मंजूर झालं!" धर्मपाल ओरडला. रांगेनं टाळ्या वाजवल्या. अमर डोळे पुसायला भिंतीकडे वळला. उर्वशी मात्र तशीच उभी.

"लेकराला आत आणा," डॉक्टर म्हणाले. "पण आधी इथं नोंद करा."

"भाऊ," तिनं विचारलं, "लेकराचा नंबर कोणता?"

धर्मपालनं मान वर न करता नवी फाईल उघडली. "सांगा मॅडम. एका बाजूचं का दोन्ही?"

सगळी रांग तिच्याकडे बघू लागली. उर्वशीनं लेकराकडे पाहिलं, धर्मपालकडे पाहिलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"आई," ती म्हणाली, "स्पीकर चालूच आहे. सांगा."