अंतराळ तळावरील नखगळती

नखे वाढणे आजवर कोणत्याही प्रशासनाला थांबवता आलेले नाही. अंतराळात तर ती अधिकच जोमाने वाढतात, कारण तिथे त्यांना दुसरे काम नसते. आमच्या तळावर कापलेले नख खाली पडत नाही, तरंगत जाऊन समोरच्याच्या डोळ्यात शिरते. म्हणून प्रत्येकाने न्हाणीघरातल्या, हवा आत ओढणाऱ्या झडपेसमोरच नखे कापावीत असा दूरदर्शी नियम आहे. (तो होईपर्यंत पुष्कळांना चष्मे लागले होते.)

झडपेमागची जाळी साफ करण्याचे काम जाळीवाल्या बाईंचे. एकदा त्यांनी जाळी उघडली तर आत केस होते, गुंड्या होत्या, तळप्रमुखांचा हरवलेला मोजाही होता. नख मात्र औषधालाही नव्हते.

"काय चोरीला गेलं?" तळप्रमुखांनी विचारले.

"नखं, साहेब."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

"म्हणजे कुणा एकावर अन्याय नाही," असे म्हणून त्यांनी समिती नेमली. समितीने 'नख' या शब्दाची व्याख्या केली आणि पायाच्या नखांवरून फूट पडून ती बरखास्त झाली.

बाईंच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी घरी हे ऐकले आणि हातातला पेला तरंगत सोडून दिला. "अगं, हे तर नॉर्स पुराणातलं! मेलेल्यांच्या नखांचं जहाज बांधलं जातं. ते पुरं झालं की लोकी ते हाकत येतो, लांडगा सूर्य गिळतो आणि सगळं संपतं!"

बाई पुन्हा प्रमुखांकडे धावल्या.

"कोण येतो म्हणालात?"

"लोकी."

"इहलोकी की परलोकी?"

"देव आहे साहेब, लबाड देव. सूर्य गिळला जाणार आहे!"

"तो ऊर्जा विभागाचा विषय आहे."

तथापि नखे मेलेल्यांची लागतात हा मुद्दा प्रमुखांनी अचूक पकडला आणि पडताळणीचा आदेश दिला. हजेरीनुसार सर्व कर्मचारी जिवंत आढळले. कामानुसार बहुसंख्यांबाबत खात्री देता आली नाही.

शेवटी बाई स्वतःच अंतराळपोशाख चढवून बाहेर पडल्या. पाण्याच्या टाकीमागे जहाज उभे होते. पिवळसर, माशाच्या खवल्यांसारखे. ओठांवर टाक्यांचे व्रण असलेला एक हडकुळा इसम नखे चिकटवत होता. हवा नसतानाही त्याचे बोलणे स्वच्छ ऐकू आले. (देवांना सवलती असतात.)

"ताई, जरा हे टोक धरता का?"

बाईंनी धरले. टोक धरा म्हटले की माणूस आधी धरतो.

"तुमचा तळ फार चांगला," तो म्हणाला. "इतर ठिकाणी लोक मरेपर्यंत थांबावं लागतं. आता मूठभरच कमी आहेत."

बाईंनी टोक सोडले आणि त्या तडक आत आल्या. मग सासू-सुना दारोदार फिरल्या. "नखं कापू नका हो!" लोकांना पटले. बंदी एकमताने मंजूर झाली. मागोमाग सवलतीही झाल्या: टंकलेखकांना कामासाठी, वादकांना कलेसाठी, नवविवाहितांना परस्परविनंतीवरून आणि तळप्रमुखांना बोट दाखवण्याच्या सोयीसाठी. बंदी पाळणाऱ्या अखेर दोघीच उरल्या. त्यांना एकमेकींच्या वेण्याही धड घालता येईनात.

बंदीमुळे जहाजाची चांगली प्रसिद्धी मात्र झाली. खिडक्यांशी गर्दी लोटली. जहाज प्रशस्त आहे, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे, असे निष्पन्न झाले. लोक जागेसाठी नखे पुड्यांतून आणून देऊ लागले. तळप्रमुखांनी स्वतःच्या हातांची म्हणून बारा नखे दिली. (दोन कोणाची, हे विचारण्याची पद्धत नाही.)

निघायच्या दिवशी बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अहो, हे जग बुडवायला चाललंय! पोराबाळांना तरी नेऊ नका!"

दोन्ही काखांत बोचकी मारलेला एक बाप थांबला. गंभीरपणे ऐकून घेऊन त्याने विचारले, "मधे कुठे थांबतं का?"

बाईंना रडू फुटले. डोळे पुसायचे तर नखे लागत होती. सासूबाईंनी आपल्या पदराने हलकेच पुसले. "चल गं. दोघींपुरता भात टाकू."

हा वृत्तांत मी जहाजातूनच लिहीत आहे. सोय उत्तम आहे. लांडग्याने सूर्याला समोरून सुरुवात केली असून उकाडा कमी झाल्याबद्दल प्रवाशांनी समाधान व्यक्त केले आहे. यानंतर जहाज आपणा वाचकांच्या बाजूला येईल. आपण इथवर वाचलेत ते सूर्याच्या काळजीने नव्हे, याची आम्हांला कल्पना आहे. तेव्हा कळवण्यास आनंद वाटतो की, होय, खिडकीजवळच्या काही जागा अजून शिल्लक आहेत.