भिवा मुंगूस आणि तुंबलेले मेल

मुलांनो, एका जंगलात वाघाचं राज्य होतं आणि गुहेत सगळ्यांचे मेल पोचवणारा युनिक्सचा सर्व्हर होता. दोघांनाही हात लावायची कुणाची छाती नव्हती. सर्व्हरची देखभाल भिवा नावाचा मुंगूस करायचा. म्हणजे सर्व्हरसमोर बसून चहा प्यायचा.

एके दिवशी शेवंता चितळ धापा टाकत गुहेत आली.

"भिवादादा, पाणवठ्यावर शिकाऱ्यांनी फासे लावलेत. पलीकडच्या रानात दिलेली माझी बहीण उद्या पहाटे कळप घेऊन तिथंच पाण्याला येणार. सकाळपासून मेल करतेय तिला, पण जातच नाहीत वाटतं."

"असं कसं होईल?" भिवाने लगेच स्वतःलाच एक मेल पाठवला. तो पोचला. "बघ. व्यवस्थित चालतंय."

"दादा, तो गुहेतून गुहेतच गेला. माझी बहीण गुहेत राहत नाही."

भिवाला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच रागही आला. त्याने खातेप्रमुख अस्वलसाहेबांना बोलावलं.

साहेबांनी सर्व्हर बंद करून चालू करायला सांगितला. मग पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ बंद ठेवून. मग सर्व्हरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. "आता जातील," असं म्हणून साहेब मधाच्या बैठकीला गेले. मेल काही गेले नाहीत.

नाइलाज झाला तेव्हा भिवाने बाहेर जाणाऱ्या मेलची रांग उघडून पाहिली. खरं तर हे आधीच करायचं असतं. पण तसं केलं तर काम चटकन संपतं आणि मग लोक म्हणतात, याला कामच काय असतं!

रांगेत हजारो मेल अडकले होते. शेवंताचे थोडे सोडले तर सगळे वाघमहाराजांचे. 'शुभ सकाळ', आणि खाली गुलाबाचं फूल. महाराज रोज हे फूल आसपासच्या रानांतल्या प्रत्येक प्राण्याला धाडायचे, मुंग्यांनासुद्धा सोडायचे नाहीत. पलीकडच्या रानाचा सर्व्हर शेवटी कंटाळला. त्याने या जंगलाचं नाव काळ्या यादीत घातलं आणि दार लावून घेतलं. आधी हा कचरा थांबवा, मग बोला, असं तो प्रत्येक मेलला सांगत होता. शेवंताच्याही.

उपाय सोपा होता. महाराजांना गुलाब थांबवायला सांगायचं आणि पलीकडच्यांची माफी मागायची. भिवा तडक महाराजांपुढे जाऊन उभा राहिला. महाराज उद्याचं फूल निवडत होते.

"काय रे भिवा, वाचतात का लोक आमची शुभ सकाळ?"

"वाचतात? वाट बघत बसतात, महाराज!" भिवा म्हणाला आणि शेपूट घालून परत आला.

गुहेत येऊन त्याने सगळी रांगच पुसून टाकली. त्यात शेवंताचे मेलही पुसले गेले. तक्रारीपुढे त्याने 'निवारण झाले' असा शेरा मारला.

शेवंता बाहेरच ताटकळत होती. "काय झालं, दादा?"

"रांगेत आता एकही मेल अडकलेला नाही." यात एक शब्दही खोटा नव्हता.

"नाहीतर मीच पळत जाऊन सांगून येते. अजून उजेड आहे."

"कशाला पाय दमवतेस? मग सर्व्हर कशाला ठेवलाय?"

शेवंताने त्याचे आभार मानले आणि ती निर्धास्त मनाने घरी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत भिवा दारात उभा राहिला. मग आत येऊन त्याने चहा घेतला.

पहाटे शेवंताची बहीण फाशात सापडली. तिच्या पाठोपाठ तिचं पाडसही. शेवंता पोचली तेव्हा शिकारी दोघांना उचलून घेऊन गेलेही होते. ती तिथंच बसून हंबरडा फोडून रडली.

तक्रार दिवसाच्या आत निकाली काढल्याबद्दल भिवाला बढती मिळाली. सत्कार चालू असतानाच शेवंता आली. तिचे डोळे सुजले होते.

"मला तक्रार करायची आहे," ती म्हणाली.

भिवाने मान वर केली नाही. "मेल कर," तो म्हणाला.

तात्पर्य : बिघाड सापडला की तो कुणाचा आहे ते आधी पाहावं. वाघाचा निघाला तर त्याला बिघाड म्हणू नये. आणि मुलांनो, बहीण शक्यतो अलीकडच्याच रानात द्यावी.