हॉट प्रेसमधली जास्वंद

बायकोने मला एकच काम सांगितलं होतं: काही करू नकोस.

सुमेधा आयर्लंडमधल्या लिमरिकच्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि मी घरून काम करणारा इंजिनियर (म्हणजे दिवसभर घरात असून घराच्या उपयोगाचा नाही). २०२१चा फेब्रुवारी. कोविडमुळे तिच्या माहेरी, मिरजेला जाणं कधीचं बंद. म्हणून माघी गणेशजयंतीला निदान घरची जास्वंद वाहायची, हे तिने मनावर घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीत एकुलती एक लाल कळी धरली होती. "कुंडी जागची हलवायची नाही," असं बजावून ती शनिवारी ड्यूटीवर गेली.

बाहेर गवत पांढरं झालेलं, खिडकीची काच बर्फासारखी गार. मला त्या कळीची दया आली. मी कुंडी उचलून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी ठेवली आणि दार लावून घेतलं.

रविवारी दार उघडलं, तर निम्मी पानं पिवळी आणि कळी टॉवेलवर. मला दरदरून घाम फुटला. (हॉट प्रेस उघडाच होता, तेही असेल.)

शेजारच्या नोरीनच्या अंगणात मात्र कॅमेलियाचं झुडूप भर थंडीत लालेलाल फुललं होतं. कुंपणावरून एक फूल मागितलं.

"हवी तेवढी ने," ती म्हणाली. "अठरा वर्षांत मी त्याच्याकडे बघितलंही नाही. ही'ज ग्रँड! झकास चाललंय त्याचं."

सोमवारी पहाटे मी ते टूथपिकने जास्वंदीला अडकवलं. सुमेधाने पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीच तोडून देतो," म्हणालो.

मंगळवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"कालचं फूल अजून मिटलं कसं नाही?"

"आई, इथलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे ना," मी म्हणालो.

"आणि मधला तुरा?"

"थंडीने आत ओढून घेतला असेल."

सुमेधाने शांतपणे देवापुढचं फूल उचललं, उलटं केलं आणि टूथपिक कॅमेऱ्यासमोर धरली. "काल पूजेतच बोटाला टोचली. सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून बोलले नाही."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "निदान संध्याकाळी मिटवायचं तरी!"

जास्वंद जूनमध्ये पुन्हा फुलली. कळीचा फोटो आधी मिरजेला गेला, मग नोरीनला. मला सांगितलं ते फूल गळून पडल्यावर.