तिसऱ्या नळीतले बाबा

आपली खोडी आजवर कुणाला सापडली नाही, पुढेही सापडायची नाही, असा कुलूपवाल्याचा ठाम दावा होता. आणि आपल्या लेकीसारखी हुशार पोर अख्ख्या गल्लीत नाही, हा दुसरा. हे दोन दावे एकमेकांच्या मुळावर येतील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

लेक डॉक्टरेट मिळवून आता पोस्टडॉकच्या, म्हणजे त्यापुढच्या संशोधनाच्या, जागेसाठी धडपडत होती. काम म्हणजे जनुकांची ढीगभर माहिती कॉम्प्युटरवर चाळायची. मुलाखतीत स्वतः केलेलं एखादं विश्लेषण दाखवायचं होतं. म्हणून तिने घरच्यांनाच धरलं. प्रत्येकाने कापसाची काडी गालाच्या आत फिरवायची आणि आपापल्या नळीत टाकायची.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, ती बाहेर गेली. कुलूपवाल्याने बोट जिभेला लावून कापूस छान वळला आणि काडी टेबलाखाली पेंगणाऱ्या साहेबाच्या तोंडात फिरवली. साहेब म्हणजे घरचा कुत्रा. पोर दोन दिवस डोकं खाजवेल, मग हसू, एवढाच बेत. पुढे तो विसरूनही गेला.

मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. नवराबायको दाराला कान लावून उभे.

"तिसरा नमुना कुणाचा?" आतून परीक्षकबाईंचा आवाज आला.

"माझ्या वडिलांचा."

"हा तर कुत्रा दिसतोय."

बायकोने सावकाश मान वळवली.

"काय केलंत तुम्ही?"

"अगं, गंमत..."

"पोरीच्या आयुष्याची?"

आत घुसून सगळं कबूल करावं म्हणून त्याने कडीला हात घातला, तोच लेकीचा आवाज आला. अगदी शांत.

"हो, कुत्राच आहे. मी मुद्दाम ठेवलाय तो. नमुना बिघडला तर का बिघडला, हे शोधून काढणं हेच माझं विश्लेषण. यात कुत्र्यासोबत चिमूटभर माणूसही सापडला. पुरुष आहे, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्याशी निम्मा जुळतो. म्हणजे बाप."

"वडिलांना विचारलंत?"

"गरज नाही पडली. दाराआड उभे आहेत ते."

आत हशा पिकला. दार उघडलं आणि साहेब शेपूट हलवत मुजऱ्याला आधी आत गेला.

जागा मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा पकडला गेलेला कुलूपवाला ते गल्लीभर छाती फुगवून सांगत सुटला. "कुणी पकडलं? माझ्या पोरीने!"

पुढे तिचा लेख छापून आला. आभारात पहिला साहेब. बाबा खाली तक्त्यात होते, 'दूषित करणारा घटक' म्हणून. कुलूपवाल्याने तो तक्ता फ्रेम करून दुकानात लावलाय.