तळं काय जावयाचं हाय?

आमच्या येळ्ळूरच्या भरमाण्णांना कुणी पाणी दिलं की ते आधी प्यायचे नाहीत, तपासायचे. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "पाटलांच्या हिरीचं. काल भरल्यालं." गल्लीतल्या नव्या सुनांनी त्यांना फसवायचा लई प्रयत्न केला, पण एकीलाही जमलं नाही. बेळगावच्या नळाच्या पाण्यावर तर त्यांचा दातच होता. म्हणायचे, "औषध मारल्यालं पाणी ते. त्येनं उंदीर मरंल, तहान न्हाय."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते मोल्डर होते आणि मी तिथंच ऑफिसात कारकून. साच्याच्या मातीत पाणी कमी की जास्त, हे ते मुठीत दाबून सांगायचे. साहेबांनी त्यासाठी यंत्र आणलं, तर अण्णा यंत्राच्या चुका काढायला लागले. घरं आमची शेजारी. अण्णांनी शाळा तिसरीतच सोडलेली, त्यामुळं त्यांची पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात.

पत्रं यायची सुमनची. एकुलती एक लेक. नर्स झाली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कॅनडात गेली. तेही कुठल्या मोठ्या शहरात नाही, पार पश्चिमेला, जंगलातल्या तळ्याकाठच्या एवढ्याशा गावात. त्या गावाचं नाव मी दर पत्रात वेगळं वाचायचो.

अण्णा रिटायर झाले, तेव्हा सुमननं विमानाचं तिकीट पाठवलं. ही एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. आणि तिथंच घोडं अडलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुमनच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पत्रात तिनं लिहिलं होतं, "अण्णा, माझ्या घरचं पाणी प्याच, असं मी म्हणत नाही. नुसतं या."

"जानार," अण्णा म्हणाले. "पर रीत म्हंजे रीत."

"मग महिनाभर काय वारा पिणार?"

"तळं हाय न्हवं तितं? तळं काय जावयाचं हाय?"

आणि गेले की हो! बरोबर घरच्या शेतातला दहा किलो बासमती, लसणीच्या चटणीचा डबा आणि पाण्यासाठी झाकणाचा रिकामा दुधाचा कॅन. स्टोव्हही घेतला होता, पण तो विमानतळावर काढून घेतला. त्याबद्दल ते वर्षभर सरकारला शिव्या घालत होते.

परत आले तेव्हा कट्ट्यावर गर्दी झाली.

"पाऊस? त्यो तितं पडत न्हाय, ऱ्हातोच. झाडं अशी, की चौघांनी हात धरलं तरी कवळ्यात मावत न्हाईत. वरपत्तोर शेवाळाची घोंगडी पांघरून हुभी. आपलं जांबोटीचं रान म्हंजे त्याफुडं परसबाग."

"माणसं कशी?"

"लई ग्वाड. मी धोतर-टोपीवर कॅन घिऊन निगालो की गाड्या थांबवून हात करत्यात. मराठी येत न्हाय, कन्नड बी येत न्हाय. मग भांडणार कशावर?"

भात स्वतः शिजवायचे. तांदूळ आपला, पाणी तळ्याचं.

"आणि गॅस कुणाचा?" मी विचारलं.

"ग्यास काय गिळतोय व्हय मी?"

"म्हणजे लेकीच्या घरचं पाणी न्हाय पिलासा?"

"तळ्याचं पिलो," असं म्हणून ते उठलेच.

मला खरंच राग आला. तिकडं पोरगी बारा वर्षं बापाच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली, आणि हे महाशय कॅन हलवत तळ्यावर!

दोन महिन्यांनी सुमनचं पत्र आलं. मी वाचायला लागलो.

"अण्णा, एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही शेवाळावरून घसरलात. गुडघा एवढा सुजला, तरी तळ्यावर जायचंच म्हणत होता. मग मीच रोज कॅन घेऊन जायला लागले. पण मी तळ्यावर गेलेच नाही. मागच्या दारानं आत येऊन घरच्या नळावर कॅन भरायची आणि तळ्याचं म्हणून तुम्हाला द्यायची. तुमची रीत मी मोडली. पाप माझ्या माथी. रागावू नका."

मी थांबलो. अण्णा समोरच्या भिंतीकडं बघत होते.

"अण्णा, तिथल्या नळाला औषध नसतं?"

"बेळगावापरास जास्त."

"मग तुम्हाला कळलं न्हाय?"

"पैल्या घोटालाच कळलं."

"आणि काय म्हणालात?"

"म्हनलं, तळ्याचं लई ग्वाड हाय. आनकी दे." त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "दारात हुभी हुती रं ती. मी गिळतोय का न्हाय, बघत. बारा वर्सांनी लेक पाणी देत हुती. थुकू व्हय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी पेन काढलं.

"लिव्ह," अण्णा म्हणाले. "अण्णाला ठावं हुतं म्हनावं."

मी लिहिलं.

"आनि लिव्ह, फुडल्या येळंला कॅन आणत न्हाय. तांब्यातनं दे."