जासूद गोंदजी फितला आणि गड कोणी राखिला, त्याची हकीकत

श्रीगजाननास व कुलस्वामिनीस नमन. शके सोळाशे एकोणीस, ईश्वर नाम संवत्सर, वैशाख मासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो. जेथे ऐकिले नाही तेथे अकलेने भरिले आहे, श्रोत्यांनी राग मानू नये.

त्या राज्याच्या गडावर गोंदजी नामे जासूद होता. बहुत कसबी. कधी गोसावी होई, कधी वैदू होई, आणि शत्रूच्या तोफा, घोडे, तबेल्यातली खेचरेसुद्धा न्याहाळून येई. परंतु सदरेवर खबर सांगू लागला की किल्लेदार बाबाजीराव जांभई देत आणि म्हणत, "बरे, उद्या सांग." उद्याही तेच. तेणेकरून गोंदजीचे मन विटले, आणि मग तो शेजारच्या राजास जाऊन मिळाला. तेथे त्यास गालिचा दिला, विडा दिला, आणि सर्व सरदार कान देऊन ऐकू लागले. गोंदजी फुगला. मग न विचारिलेलेही सांगो लागला की, "महाराज, अक्षय्य तृतीयेस स्वारी करावी. गडावर आमरसाचे जेवण असते. जेवण जाहले की किल्लेदारापासून कुत्र्यापावेतो अवघा गड निजतो. दिंडीदरवाजाचा अडसर ढिला आहे, तो मी बाहेरून काढून देतो." राजे म्हणाले, "खबर खरी तर सरदारकी, खोटी तर शिर." गोंदजीने मान हलविली, ती आपलीच मान, याचा त्यास विसर पडला होता.

मग तृतीयेस भर दुपारी हैबतराव सरदार निवडक लोक घेऊन आले, आणि गोंदजीने अडसर काढिला, आणि पाहतात तो पहारेकरी घोरतात, किल्लेदार घोरतात, कुत्राही पाय पसरून पडला आहे. हैबतरावांनी गोंदजीची पाठ थोपटली, आणि मंडळी सदरेमागच्या चौकात शिरली. तेथे गडावरील यच्चावत बायका पानांवर बसल्या होत्या. पहाटेपासून रस पिळून, पोळ्या लाटून, पुरुषांस आग्रह करकरून वाढून त्यांनी आता कोठे पहिला घास उचलला होता. गोंदजीची बायको येसाई उठली. म्हणाली, "आलात होय? आणि पायताणासकट पंगतीत? लाज नाही वाटत?" ऐसे म्हणोन पळी उचलली, आणि मग मुसळे निघाली, लाटणी निघाली, कोयांची टोपली रिती जाहली. हैबतराव कोयीवरून घसरले ते सापडले; बाकीचे पळाले, गोंदजी मात्र येसाईने शेंडीस धरिला होता.

गलबल्याने किल्लेदार जागे जाहले, आणि झोपमोड जाहली म्हणोन अधिकच संतापले, आणि फितुराचे शिर मारावे ऐसा हुकूम सोडून म्हणाले, "मूर्खा, जन्म या गडावर काढिलास, आणि त्या वेळी बायका जाग्या असतात हे तुला ठाऊक नव्हते?"

गोंदजी म्हणाला, "सरकार, जेवून मीही निजतच असे."

सदरेवर ही खबर सर्वांसच आज समजली होती. मग किल्लेदार ओशाळून म्हणाले, "येसाई, गड तू राखिलास. याचे काय करावे ते तूच सांग, आणि वर काय हवे ते माग." येसाईने नवऱ्याकडे पाहिले. राग फार होता, तरी डोळे भरून आले. म्हणाली, "शिर राहू द्या. वाढायला तरी उपयोगी पडेल. आणि सरकार, मागायचे म्हणाल तर आधी आम्हांस जेवू द्या."

येणेप्रमाणे शत्रू हटला, गड राहिला, आणि गोंदजी पंगतीत वाढू लागला. रस तेवढा कमी पडला, तो दरसाल पडतच होता. इतके लिहून लेखणी ठेविली.