पूर्णविराम कुठे आहे?

"हे टीव्हीवर काय उमटलंय रे? माझे डोळे गेले की तुमचा टीव्ही?" आक्कांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

डोळेही ठीक होते आणि टीव्हीही. पण जिथे एरवी 'आक्काचा शिवणवर्ग, उद्घाटन' अशी ओळ दिसायची, तिथे आता अक्षरं, आकडे आणि चांदण्या यांची सरमिसळ दिसत होती. जणू एखाद्या मांजराने टंकलेखन यंत्रावरून फेरी मारली होती. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी तशाच.

आक्कांचे धाकटे भाऊ अप्पा पुढे सरकले. अप्पांचं सारं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं म्हणजे प्रुफं तपासण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते लाल पेन हातात घेऊनच वाचत. त्यांनी पडदा नीट निरखला आणि अंगावर पाल पडावी तसे मागे सरले.

"एक शब्द शुद्ध असेल तर शपथ!"

"शुद्ध-अशुद्ध राहू दे. मला आई बघायची आहे," आक्का म्हणाल्या.

आक्का त्याच संध्याकाळी लेकीकडे परदेशी निघाल्या होत्या, आणि त्याही कायमच्या. बॅगा दाराशी उभ्या होत्या. जाण्याआधी त्यांनी भावाकडे एकच गोष्ट मागितली होती. त्यांच्या शिवणवर्गाच्या उद्घाटनाला कुणीतरी चित्रण केलं होतं. आईचं चालतं-बोलतं रूप राहिलं होतं ते तेवढंच.

"फीत कापताना आई काहीतरी बोलली आणि सगळे पोट धरून हसले," आक्का म्हणाल्या. "काय बोलली ते काही केल्या आठवत नाही मला. आणि आता तर तिचा आवाजही आठवेनासा झालाय रे."

अप्पांनी मुलाला हाक मारली. चिरंजीव आले, रिमोट घेतला, दोन बटणं दाबली आणि त्यांचा चेहरा उतरला.

झालं होतं ते असं. मागच्या वर्षी अप्पांना शब्दकोशांसाठी कपाट रिकामं हवं होतं. म्हणून घरातल्या साऱ्या जुन्या कॅसेटी चिरंजीवांनी संगणकावर उतरवून घेतल्या आणि इंटरनेटवरच्या भाड्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवल्या. हवं तेव्हा टीव्ही लावावा आणि बघावं. कॅसेटी भंगारात गेल्या. "पण घरच्या गोष्टी परक्याच्या कपाटात उघड्या ठेवायच्या?" असं अप्पांनी विचारलं, तेव्हा चिरंजीवांनी एन्क्रिप्शन केलं. म्हणजे काय, तर कपाट परक्याचं, पण त्यात ठेवलेली पेटी आपली. पेटी नुसती कुलूपबंद नाही, तर आतल्या प्रत्येक वस्तूचे असे बारीक तुकडे केलेले की चोराने फोडली तरी हाती भुगा यावा. योग्य किल्ली लावली की तुकडे आपापल्या जागी जुळतात. ही किल्ली म्हणजे एक वाक्य. आणि ते कुठेही लिहून ठेवायचं नाही.

टीव्हीला ती किल्ली आजवर पाठ होती. पण काल टीव्हीने 'अपडेट' म्हणून स्वतःची सुधारणा करून घेतली आणि त्या भरात तो किल्ली विसरला. ज्या लॅपटॉपवर हे सगळं केलं, तो चिरंजीवांच्या ऑफिसने केव्हाच परत घेतला होता.

"मग त्यात एवढं काय? वाक्य मला पाठ आहे, मीच तर दिलं होतं," अप्पा छाती काढून म्हणाले. "घाई नको, चूक दिसली की दुरुस्त करावी."

चिरंजीवांनी ते वाक्य किल्ली म्हणून टाकलं. पडद्यावर उत्तर आलं, 'पासवर्ड चुकीचा आहे.'

अप्पा हळूच वळले. छापखान्यात नवशिक्याकडे बघत तसे त्यांनी मुलाकडे बघितलं.

"तेव्हा 'चूक' कसं लिहिलं होतंस?"

"जसं लिहितात तसं."

"ऱ्हस्व की दीर्घ?"

"अप्पा, आता वर्ष झालं त्याला!"

"ऱ्हस्व लिहिलं असणार. शाळेपासून तुझा उकाराशी उभा दावा आहे."

"अहो, पण तुम्ही शेजारीच बसला होतात ना? मग तेव्हा का नाही बघितलंत?" अप्पांच्या पत्नी माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

अप्पा किंचित चपापले. "पडद्यावर अक्षरं नव्हती, नुसते ठिपके होते. मी मजकूर सांगत होतो, हा टाइप करत होता. लॅपटॉपने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. दोन्ही जुळले म्हणून तो पुढे गेला."

"म्हणजे न दिसणारं मुद्रित तुम्ही पास केलंत," माई म्हणाल्या आणि आत गेल्या.

हा घाव वर्मी बसला. अप्पा खुर्ची ओढून मुलाशेजारी बसले. आता सगळ्या संभाव्य चुका मुद्दाम करून बघायच्या होत्या. चिरंजीवांनी 'चुक' लिहून बघितलं. मग 'दुरूस्त'. मग 'कि'. प्रत्येक चुकीसरशी अप्पांच्या तोंडून "अरेरे" निघत होतं. 'चुक दिसलि कि दुरूस्त करावि' असं सगळं एकत्र आलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"झालं का? बघू का इकडे?"

"नाही उघडत."

"देवाची कृपा! असल्या वाक्याने उघडलं असतं तर माझ्याच्याने बघवलं नसतं," अप्पा म्हणाले.

"अरे, तुला आई हवी आहे की व्याकरण?" आक्का कडाडल्या. अप्पा एकदम लहान झाले.

मग स्वल्पविरामाशिवाय झालं, टिंबाशिवाय झालं, शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून झालं. शेवटी पडद्यावर सूचना आली की फार प्रयत्न झाले, आता थोडा वेळ थांबा. तेवढ्यात चिरंजीवांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता.

"सर, आपली किल्ली आमच्याकडे नसते. हीच तर आमची सुरक्षितता."

अप्पांनी फोन हिसकावला. "बाई, चोराला मिळत नाही इथवर पटलं. पण मालकालाही मिळत नाही, याला सुरक्षितता म्हणतात का?"

"हो सर," मुलगी तितक्याच गोडीने म्हणाली. "आणखी काही सेवा?"

आक्कांनी घड्याळ बघितलं. त्या उठून बॅगेचं कुलूप ओढून बघू लागल्या. ते अप्पांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं. कॅसेटी भंगारात द्या म्हणणारे तेच, कुलूप घाला म्हणणारेही तेच. त्या मोकळ्या कपाटातले शब्दकोश त्यांना आता नको झाले.

"टॅक्सीवाल्याला निरोप टाक," ते खालच्या आवाजात मुलाला म्हणाले. "मी सांगतो तसा लिही." चिरंजीवांनी फोन काढला आणि ते सांगत गेले तसा निरोप लिहून पाठवून दिला. लहानपणी शुद्धलेखन घेताना अप्पांच्या तोंडचा एक शब्द गाळल्याबद्दल त्यांना अख्खा धडा पुन्हा लिहावा लागला होता. तेव्हापासून अप्पा सांगतात ते बिनतक्रार उतरवायचं, डोकं चालवायचं नाही, ही सवय हाताला लागली होती.

थोड्या वेळाने फोन वाजला. चिरंजीवांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"साहेब, हिरव्या फाटकाशी आलोय," टॅक्सीवाला म्हणाला. "पण पूर्णविराम कुठे आहे?"

"काय कुठे आहे?"

"पूर्णविराम! तुम्हीच लिहिलंय ना? 'गाडी हिरव्या फाटकाशी आणावी पूर्णविराम.' बंगल्याचं नाव आहे का? गल्लीत दोनदा फिरलो. एक 'विश्राम' आहे, पण त्यांचा कुत्रा अंगावर आला."

माईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. छापखान्यात एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने मुद्रित तपासायचं, अशी रीत असे. आणि वाचणारा सगळंच वाचे, विरामचिन्हांसकट. अप्पांच्या जिभेला ते इतकं बसलं होतं की लग्नानंतर कित्येक दिवस त्यांचं "चहा दे पूर्णविराम" ऐकून माईंना वाटे, हे रागावले आहेत.

"अहो," माई म्हणाल्या, "ते किल्लीचं वाक्य याला तुम्ही कसं सांगितलं होतं? तेव्हा सांगितलंत अगदी तसंच सांगा बघू."

अप्पांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि छापखान्यातल्या आवाजात म्हणाले, "घाई नको स्वल्पविराम चूक दिसली की दुरुस्त करावी पूर्ण..."

ते तिथेच थांबले.

चिरंजीवांनी कपाळावर हात मारला. "आणि मी ते सगळं लिहिलं! दोन्ही वेळा!"

"अरे गाढवा, स्वल्पविराम हा शब्द लिहायचा असतो का?"

"तुमच्यासमोर शब्द गाळायची माझी छाती आहे का?"

थांबायची मुदत संपली होती. चिरंजीवांनी एकेक शब्द टाकला. 'स्वल्पविराम' आणि 'पूर्णविराम' अक्षरांतच लिहिले. पडद्यावर क्षणभर एक चक्र फिरलं, अक्षरांची ती सरमिसळ विरली आणि एकेक ओळ आपल्या मूळ रूपात आली. 'आक्काचा शिवणवर्ग, उद्घाटन.'

अप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. मग ते पडद्याजवळ जाऊन म्हणाले, "म्हणजे चूक शब्द दीर्घच लिहिला होता याने. आणि दुरुस्तही बरोबर!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" चिरंजीव म्हणाले. "आता हे लिहून ठेवा कुठेतरी."

फाटकातून हाक मारल्यावर टॅक्सीवालाही आत आला. कुत्र्यामुळे त्याला दम लागला होता, म्हणून माईंनी त्याला पाणी दिलं आणि बसवलं. चित्र सुरू झालं. दोरीसारखी बारीक आई हातात मोठी कात्री घेऊन दारातल्या फितीपुढे उभी होती. तिने कात्री चालवली. फीत दुमडली, पण तुटली नाही. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. मग आईने कॅमेऱ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हटलं, "कात्रीला धार नाही, आणि निघाली गावाचे कपडे बेतायला!" आणि सरळ दातांनी फीत तोडली.

आक्का हसल्या. हसता हसता त्यांचा चष्मा ओला झाला. "हेच! अगदी हेच!" त्या म्हणाल्या. "परत लाव रे." परत लावलं. तिसऱ्यांदा टॅक्सीवाल्याने सांगितलं, "आजींचं ते पुन्हा एकदा." शेवटी चिरंजीवांनी आक्कांच्या फोनवरही किल्ली लावून दिली, म्हणजे तिकडे लेकीकडे बसूनही आई हवी तेव्हा भेटावी.

बॅगा गाडीत चढल्या. आक्का आत बसल्या, काच खाली केली आणि भावाचा हात धरून ठेवला. टॅक्सीवाल्याने फोन कानाला लावला आणि आपल्या ऑफिसला कळवलं, "हो, सापडलं घर. पूर्णविराम. निघतोय आता."

गाडी हलली, हात सुटला. अप्पा फाटकात उभे राहिले. मग काय झालं कोण जाणे, चूक दिसली की दुरुस्त करावी हे आयुष्यभराचं वळण त्यांना गप्प बसू देईना. ते चप्पल न घालताच गाडीमागे धावले आणि भर रस्त्यात ओरडले, "अहो, पूर्णविराम नाही! स्वल्पविराम! स्वल्पविराम सांगा त्यांना!"

पुढच्या वळणावर काचेतून आक्कांचा हात बाहेर आला आणि त्यांनी बोटाने हवेत एक छोटासा स्वल्पविराम काढला.